ससोबाचे पिवळे त्रिकोण

भित्रा माणूस बघायचा असेल तर फार लांब जायला नको. फ्रीज दुरुस्तीच्या त्या अरुंद दुकानात, गंजक्या कॉम्प्रेसरांच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून तो बसलेला असायचा. आईबापांनी नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण ते आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांचा तो ससोबा. लहानपणी फुगा फुटायच्या आधीच हा कानात बोटं घालून उभा. मोठेपणी लिफ्टमध्ये एकटा चढायचा नाही. एकेरी रस्ता ओलांडतानासुद्धा दोन्हीकडे मान वळवून बघायचा.

"अहो, इकडून गाडी येतच नाही," बायको वैतागून म्हणायची.

"ते येणाऱ्याला माहीत असायला हवं ना," हा म्हणायचा. आता यावर काय बोलणार, कपाळ!

अशा माणसानं आग, वीज आणि दाबाखालचा गॅस यांच्यात जन्म काढावा ही काही त्याची हौस नव्हती. शाळेत डोकं चाललं नाही, म्हणून वडिलांनी ओळखीच्या उस्तादाकडे आणून सोडलं. उस्तादांनी काम शिकवलं, मारलं थोडं, हसले जास्त, आणि शेवटी आपली मुलगीच देऊन टाकली. तेव्हापासून उस्तादांचे मामा झाले. "जावई भित्रा असलेला बरा," मामा चारचौघांत सांगायचे, "संध्याकाळी वेळेवर घरी येतो."

मामा म्हणजे जावयाच्या बरोबर उलटं टोक. चालू मशीनमध्ये हात घालतील, मोडक्या शिडीवर एका पायावर उभे राहतील. तोंडात एकच वाक्य: काही होत नाही. जन्मभर कॉम्प्रेसरच्या घरघरीत राहून कान गेले होते. आता कानाशी ओरडलं तरी अर्धंच पोचायचं. पण गॅस कुठून गळतोय हे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांची रीत जुनी. छोटी बत्ती पेटवायची, निळी ज्योत बारीक करायची आणि तांब्याच्या नळीवरून सांध्यासांध्यापाशी हळूहळू फिरवायची. जुना गॅस स्वतः पेटत नसे, पण जिथून निसटत असेल तिथे ज्योत हिरवी व्हायची. हिरवी झाली की मामा लहान पोरासारखे खूश व्हायचे. "बघ, चोर सापडला!"

आणि चोर सापडल्यावर नळीत उरलेला गॅस? तो द्यायचा हवेत सोडून. फुस्स करून दोन मिनिटांत मोकळं. सगळा धंदा हेच करत होता. वास नाही, धूर नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. कुणाला काय पडलंय?

मग एके वर्षी पडलं. देशानं जगापुढे शब्द दिला होता की हवा तापवणारे वायू आम्ही इतके इतके कमी करू, आणि शब्द देणं सोपं असतं हे निस्तरायला बसलेल्यांना कळत होतं. सरकारी खात्यापाशी नियम होते, पण दुकानांच्या मागच्या खोल्यांपर्यंत पोचणारे पाय नव्हते. दुकानांना फ्रीजर पुरवणाऱ्या आइसक्रीम कंपनीपाशी नवी मशीनं होती, पण जुनी परत आणायला माणसं नव्हती. आणि पाय, माणसं, ओळखी हे सगळं होतं मेकॅनिक लोकांपाशी, त्यांना मात्र आजवर कुणी बोलावलंच नव्हतं. शेवटी तिघांना एका टेबलाशी बसवलं खात्याच्या बाईंनी. बारीक चणीच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या, पण पक्क्या. ठरलं ते असं: कंपनी दुकानदारांना जुन्याच्या बदल्यात नवा फ्रीजर देणार, खातं मेकॅनिकांना शिकवणार, आणि मेकॅनिक जुना गॅस हवेत न सोडता टाकीत भरून परत करणार.

"तुम्ही एका दुकानात जेवढा गॅस फुस्स करून सोडता ना," बाई वर्गात पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तेवढ्यानं हवेचं जे नुकसान होतं, ते करायला एखाद्या मोटारीला महिनोन् महिने धूर सोडत फिरावं लागेल." आजवर आपण किती सोडला असेल या विचारानं ससोबाला रात्री जेवण गेलं नाही.

पण त्याची खरी पाचावर धारण बसली ती दुसऱ्या दिवशी. नव्या फ्रीजरमधला गॅस हवेला बरा, पण पेटणारा. स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊच म्हणा, फक्त याला वास नाही. गळला तर नाकाला कळणार नाही. जड असल्यामुळे मांजरासारखा जमिनीवर पसरून बसणार. मशीनमध्ये असतो अगदी थोडा, खोली उघडी असेल तर फारसं भय नाही. पण बंद खोली आणि जवळ ज्योत असं जमून आलं की मग खैर नाही. म्हणून प्रत्येक नव्या फ्रीजरच्या मागे, कॉम्प्रेसरपाशी, ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण चिकटवलेला होता.

"हा त्रिकोण कुणीही, कधीही काढायचा नाही," बाई म्हणाल्या. "लोक घाबरतील. घाबरले तर समजावून सांगा, पण काढू नका."

मामा त्या वर्गाला गेलेच नाहीत. "माझी शाळा झाली," म्हणाले. "जुनी मशीनं आहेत तोवर मी, नवी तुझी." बाहेरून जुनं काय आणि नवं काय, कंपनीचं मशीन सारखंच: पांढरी पेटी, निळं झाकण. त्यामुळे ससोबानं सासऱ्यांच्या कानाशी तोंड नेऊन, हातानं हवेत त्रिकोण काढून काढून, एकच गोष्ट घोकून घेतली होती. "मामा, मागे वाकून आधी बघायचं. पिवळा त्रिकोण दिसला की हात लावायचा नाही. मागे फिरायचं. नसेल तर मग तुमचं चालू द्या."

"कळलं रे बाबा," मामा म्हणाले. "त्रिकोण असला तर मागे, नसला तर पुढे. एवढं काय ते!"

पहिला फ्रीजर ससोबानं बसवला बेकरीवाल्या काकूंकडे. त्यांचं दुकान छोटं, फ्रीजर मागच्या कोठीत. कोठीला खिडकी नाही, पिठाची पोती भिंतीला लावलेली आणि एका कडेला खाट. दुपारी काकूंच्या सासूबाई त्या खाटेवर पडायच्या. काकूंनी मशीनमागे वाकून बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं बाई! हे काय? जाळाचं चित्र? उचला हे. आत्ताच्या आत्ता उचला. माझ्या सासूबाई झोपतात इथे!"

ससोबानं समजावून बघितलं. पण जो स्वतः थरथरतोय त्याच्या समजावण्यात काय दम असणार? काकू ऐकेनात. शेजारचा औषधांच्या दुकानाचा मालक डोकावून गेला, तोही म्हणाला, मग मलापण नको. कंपनीचा टेम्पो बाहेर उभा, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. पहिल्याच दुकानातून मशीन परत गेलं तर सगळी गल्ली नाही म्हणणार, आणि खापर आपल्या डोक्यावर फुटणार, या विचारानं ससोबाचा जीव अर्धा झाला. आणि त्याच क्षणी, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याच्या तोंडून सासऱ्यांचं वाक्य बाहेर पडलं.

"अहो काकू, काही होत नाही!"

एवढं म्हणून तो खाली वाकला, नखानं कोपरा उचकटला आणि त्रिकोण सर्रकन काढून घेतला. "हे कारखान्यातलं चित्र असतं, वाहतुकीसाठी. झालं?"

काकूंचा चेहरा खुलला. बघा, लोकांना गॅसची भीती नव्हती, चित्राची होती! ससोबाला स्वतःचंच नवल वाटलं. आपल्याला हे जमतं? औषधवाल्याकडेही तेच वाक्य, तीच युक्ती. पुढच्या दुकानात कुणी कुरकुर करायच्या आधीच त्यानं त्रिकोण काढला. त्याच्या पुढच्याही. सगळीकडे नव्हे, जिथे माणूस धीराचा दिसला तिथे राहू दिला. नवी मशीनं आहेत, इतक्यात कशाला बिघडतील, आणि बिघडली तरी आपणच जाणार की. असा हिशेब त्यानं मनाशी जुळवला होता. भित्र्या माणसाला एकदा धीट व्हायची चटक लागली की त्याच्याइतका धोकादायक दुसरा कोणी नाही, हे माझं मत मी इथे सांगून टाकतो.

काढलेले त्रिकोण मात्र त्यानं फेकले नाहीत. जाळाचं चित्र कचऱ्यात टाकायचंसुद्धा त्याला भय वाटायचं. हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून तो ते चिकटवत गेला.

वर्ष सरलं. ससोबाच्या भागातून सगळ्यांत जास्त जुनी मशीनं परत आली, सगळ्यांत जास्त जुना गॅस टाकीत भरला गेला, आणि तक्रार एकही नाही. खात्यानं आणि कंपनीनं मिळून सभागृहात कार्यक्रम ठेवला. बायकोनं शर्टाला इस्त्री करून दिली. खात्याच्या बाई बोलल्या, कंपनीचे साहेब बोलले. एकट्या सरकारकडून हे झालं नसतं, एकट्या कंपनीकडूनही झालं नसतं, म्हणाले. आणि मग ससोबाला वर बोलावलं.

"आम्हाला वाटलं होतं, पेटणारा गॅस म्हटल्यावर लोक दारातून परत पाठवतील," बाई माइकवर म्हणाल्या. "यांनी काय सांगितलं लोकांना, ते आम्हाला सगळ्यांना शिकायचंय."

टाळ्या वाजल्या. ससोबाच्या हातात कुंडी दिली, छोटं रोप लावलेली. त्याच्या खिशात फोन थरथरत होता.

खाली उतरून, खांबाआड जाऊन त्यानं फोन बघितला. बायकोचे फोनवर फोन येऊन गेले होते. त्यानं लावला.

"अहो, काही नाही हो," ती म्हणाली, "बेकरीवाल्या काकूंचा फ्रीजर गार होत नाहीये, त्यांचं माणूस आलं होतं दुकानात. तुम्ही फोन उचलेनात, म्हणून बाबा गेलेत. बत्ती घेऊन गेलेत. स्वतःचा फोन इथेच ठेवलाय नेहमीसारखा."

गार होत नाहीये. म्हणजे गॅस गळलाय. त्या कोठीत, जिला खिडकी नाही. मामा मागे वाकून बघतील. शिकवल्याप्रमाणे आधी त्रिकोण शोधतील. तो नसेल. मग पुढे.

कुंडी ससोबानं कुठे ठेवली हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. धावताधावता त्यानं काकूंना फोन लावला आणि, देवाची कृपा म्हणा, त्यांनी उचलला.

"हो, आलेत ना मामा, मागे काम चाललंय," काकू मजेत होत्या. "आमच्या सासूबाईंना पुढे आणून बसवलंय गल्ल्यापाशी, मामांना जागा लागते म्हणून. का हो?"

आता सांगायचं एवढंच होतं: काकू, त्या मशीनमधला गॅस पेटतो, मामांची बत्ती विझवा, सगळे बाहेर पळा. बोलायला किती वेळ लागतो? शब्द जिभेवर आले होते. पण त्यांच्यामागे दुसरे शब्द रांगेत उभे होते: मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात? माझ्या सासूबाईंच्या खाटेशेजारी तुम्ही हे ठेवलंत? सभागृहाच्या दारातून अजून टाळ्या ऐकू येत होत्या. आणि जन्मभर आगीला, विजेला, उंचीला घाबरणारा हा माणूस त्या वेळी घाबरला तो एका बाईच्या रागाला.

"त्यांना म्हणावं, मी येतोय," तो म्हणाला. "मी येईपर्यंत थांबा म्हणावं. काम करू नका."

"एवढंच ना? सांगते."

फोन बंद. स्कूटरला किक मारताना त्याला कळलं की आपण काय केलं. त्यानं पुन्हा लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. काकू मागे निरोप द्यायला गेल्या असणार. की परत येऊन गिऱ्हाइकात गुंतल्या? पुन्हा. नुसताच वाजतोय.

तो कसा गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. लाल दिवा त्यानं जन्मात पहिल्यांदा तोडला. बेकरीच्या गल्लीला वळसा पडतो, म्हणून एकेरी रस्त्यात उलटा घुसला. समोरून येणारी माणसं शिव्या देत बाजूला होत होती, आणि ससोबा मोठमोठ्यानं एकच बडबडत होता, "मामा, नको. मामा, नको."

बेकरी होती तशीच होती. काच शाबूत, पुढे दोनतीन गिऱ्हाइकं, गल्ल्यापाशी खुर्चीत म्हातारी डुलक्या काढतेय. क्षणभर त्याचं काळीज जागेवर आलं.

"दिला हो तुमचा निरोप," काकू पाव बांधताबांधता म्हणाल्या. "हसले. म्हणाले, तो ससा आहे, त्याला थांबाच सुचणार."

ससोबा गल्ल्यापाशीच्या आडव्या फळीखालून आत शिरला. कोठीचं दार उघडं. आत मामा गुडघ्यावर बसलेले, पाठ दाराकडे, मान फ्रीजरच्या मागे घातलेली. हातातली बत्ती पेटलेली होती. निळी, बारीक ज्योत नळीवरून हळूहळू खाली, खाली चालली होती. मामा हिरव्या रंगाची वाट बघत होते.

"मामा!"

सगळी बेकरी दचकली, असा ओरडला तो. पण मामांचे कान कुठे होते? त्यांनी मान थोडी हलवली, काहीतरी वाजल्यासारखं वाटलं म्हणून, आणि ज्योत आणखी बोटभर खाली नेली.

ज्योत हिरवी झाली नाही. ती जमिनीवर उतरली. फरशीवरून निळं काहीतरी चादर झटकावी तसं सरकत गेलं, एक जाड, दबका आवाज झाला आणि मामांचा हात, बाही, दाढी एकदम ज्वाळांनी पिवळी झाली. ससोबा पुढे धावला. घाबरत धावला, रडत धावला, पण धावला. सासऱ्यांच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना मागे ओढलं, पिठाचं रिकामं पोतं अंगावर टाकलं आणि दाबून धरलं. मागे काकूंची किंकाळी. कुणीतरी बादली आणली. गॅस थोडाच होता. जसा पेटला तसा संपला. पण फ्रीजरशेजारची खाट जळत होती. म्हातारीची उशी, पांघरूण, सगळं. एरवी या वेळी म्हातारी तिथेच असायची.

बाहेर फुटपाथवर मामांचा हात बादलीत बुडवून बसवलं. भुवया गेल्या होत्या. उजव्या हाताची कातडी अशी झाली होती की तिकडे बघवत नव्हतं. अँब्युलन्सला कुणीतरी फोन केला. मामांना दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं.

"मी बघितलं होतं रे," ते पुन्हापुन्हा सांगत होते, मोठ्यानं, बहिऱ्या माणसासारखं. "वाकून बघितलं होतं. त्रिकोण नव्हता. तू सांगितलं होतंस ना, नसला तर पुढे? बत्ती लावून परत बघितलं. नव्हता. माझी चूक नाही."

"नाही मामा," ससोबा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला. "तुमची नाही. मी काढला होता. मी."

हे त्याला ओरडून सांगावं लागलं. हळू बोलून त्यांना ऐकू येत नाही. सगळ्या गल्लीनं ऐकलं. काकू दारातच उभ्या होत्या, हातात जळक्या पांघरुणाचा कोपरा. ज्या रागाला घाबरून तो फोनवर गप्प बसला होता, तो राग आलाच नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

मामांनी विचारलं, "आणखी कुठे काढलेस?"

ससोबाला आठवेना. अँब्युलन्समध्ये मामांना चढवताना बायको येऊन पोचली, ती बापाशेजारी बसली, नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. गाडी गेली. ससोबानं स्कूटरवरची पेटी उतरवली आणि झाकण उघडलं. आतून सगळं झाकण पिवळं होतं, त्रिकोणावर त्रिकोण. कुठला कुठल्या दुकानाचा, काय ठाऊक! मामांसारखे जुने उस्ताद गावात कमी नव्हते. प्रत्येकाच्या पिशवीत एक बत्ती, आणि प्रत्येक जण हल्ली आधी मागे वाकून बघणार, शहाण्यासारखा, नियमाप्रमाणे.

त्यानं नखानं एक त्रिकोण सोडवायला घेतला. तो फाटला. दुसराही फाटला. मग त्यानं खात्याच्या बाईंना फोन लावला आणि या वेळी मात्र सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये न थांबता. "एकूण एक दुकान पुन्हा बघायचं," बाई म्हणाल्या. "मी माणसं पाठवते, कंपनीचीही बोलावते. तुम्ही आत्ताच्या आत्ता सुरू करा."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो हाच. पण गोठ्यात अजून बैल होते.

पेटी तशीच उघडी धरून तो शेजारच्या औषधांच्या दुकानात गेला. मालक गिऱ्हाइकाला गोळ्या देत होता. बेकरीतून आलेला धूर बघून त्यानं पंखा लावला होता. ससोबाचा आवाज कापत होता, शर्टाच्या इस्त्रीवर काजळी.

"साहेब, तुमच्या फ्रीजरमधला गॅस पेटतो. मी खोटं बोललो होतो. ठिणगी पडली तर जळून जाल. मशीन बंद करा, दार उघडा, आणि मी सांगेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

मालकानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ससोबाला कोण ओळखत नव्हतं? लिफ्टला घाबरणारा, फुग्याला घाबरणारा ससोबा. त्यानं हसून गिऱ्हाइकाला डोळा मारला आणि ससोबाच्या खांद्यावर थोपटलं.

"बसा, पाणी प्या. सासऱ्यांचं बघून घाबरलात तुम्ही," तो म्हणाला. "अहो, तुम्हीच तर सांगितलं होतं मला. काही होत नाही."